जुन्या गाडीत नवा स्टिरिओ: शिट्टी, बंद पडणं आणि उतरणारी बॅटरी

प्रश्न असा आहे: १९६०च्या दशकातली गाडी आहे, तिच्या डॅशबोर्डात ब्लूटूथ आणि यूएसबी असलेला नवा स्टिरिओ बसवला आहे. इंजिन बंद असताना तो छान वाजतो. इंजिन सुरू झालं की शिट्टीसारखा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा सूर चढतो. आवाज वाढवला तर खर्जाच्या ठोक्याला सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरते. स्टिरिओ बदलावा का?

बदलू नका, निदान आत्ता तरी. या तिन्ही तक्रारी एकाच सेटमध्ये दिसत असल्या तरी त्यांचं मूळ बहुधा गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. ज्या काळात गाडीत दिवे, हॉर्न, वायपर आणि फार तर एक साधा रेडिओ असे, त्या काळासाठी हे वायरिंग आखलेलं आहे. अर्धा व्होल्ट कमी मिळाला तर दिवा थोडा मंद जळतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. स्टिरिओला मात्र स्थिर १२ व्होल्ट लागतात आणि आलेला करंट बॅटरीकडे परत जायला स्वच्छ वाट लागते. त्यामुळे फिल्टर, कंडेन्सर किंवा नवा सेट विकत आणण्याआधी मल्टीमीटर घ्या आणि मोजा.

सगळ्यात आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे ते पाहा. बॅटरीवरच्या खुणा बघा आणि मीटरनेही खात्री करा, कारण कोणी तरी बॅटरी उलटी बसवलेली असणंही शक्य असतं. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह होतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६७ पर्यंत तशीच येत असे. आजच्या जवळजवळ प्रत्येक स्टिरिओची पत्र्याची पेटी आतून निगेटिव्हला जोडलेली असते. ॲन्टेनाच्या वायरवरची जाळी, आरसीए सॉकेटची (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या वायरीच्या सॉकेटची) बाहेरची कडी आणि यूएसबीचं कवच हेही सगळं निगेटिव्हच. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत यातलं काहीही बॉडीला टेकलं की थेट शॉर्ट सर्किट होतं.

काही जण सेटची पिवळी (पॉझिटिव्ह) वायर बॉडीला, काळी (निगेटिव्ह) वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि पेटीला भरपूर इन्सुलेशन टेप अशी तोड काढतात. यातला धोका नीट समजून घ्या. फ्यूज असतो पिवळ्या वायरवर. पेटी किंवा ॲन्टेनाचा बुंधा बॉडीला टेकला तर करंट बॉडीतून पेटीत आणि तिथून काळ्या वायरमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे वाहतो. म्हणजे फ्यूज त्या वाटेवर नसतोच. तो शाबूत राहतो आणि काळी वायर डॅशबोर्डच्या मागे पेट घेते. हा मार्ग घेऊच नका.

खरे पर्याय दोन. पहिला म्हणजे आयसोलेटेड डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर. त्याचं इनपुट आणि आउटपुट आतून एकमेकांना जोडलेलं नसलं पाहिजे. बसवण्याआधी इनपुटच्या प्रत्येक टोकापासून आउटपुटच्या प्रत्येक टोकापर्यंत मीटरने कंटिन्युइटी तपासा. कुठेही बीप आला तर तो कन्व्हर्टर या कामाचा नाही. गाडीचे ६ व्होल्ट असतील तर १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर लागेल. फोक्सवॅगन बीटल १९६६-६७च्या सुमारास ६ वरून १२ व्होल्टवर गेली, त्याआधीच्या गाड्यांना हे लागू आहे. ६ व्होल्टवर करंट दुपटीहून जास्त लागतो हे ध्यानात ठेवा. सेट १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल तर ते झाले ६० वॉट. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीकडून जवळजवळ १२ अँपिअर खेचले जातील. वायर आणि फ्यूज त्या हिशोबानेच घ्या.

दुसरा पर्याय म्हणजे गाडीचं अर्थिंग निगेटिव्ह करून घेणं. डायनामोच्या (अल्टरनेटरच्या आधीच्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) गाडीत हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पुढच्या सगळ्या उपकरणांचा प्रश्न त्याने कायमचा मिटतो. बॅटरी फिरवा आणि तिच्या टोकांचे लग बदला, कारण पॉझिटिव्हचं टोक जाड असतं. इग्निशन कॉइलवरच्या दोन बारीक वायरी आपसांत बदला, नाहीतर ठिणगीची दिशा उलटते आणि स्पार्क कमजोर होतो. अँमीटर असेल तर त्याच्या वायरी बदला. त्यानंतर डायनामोला नवी पोलॅरिटी शिकवावी लागते. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या डायनामोवर बारीक ‘एफ’ (फील्ड कॉइलच्या) टर्मिनलची वायर काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून आणलेली वायर त्या टर्मिनलला सेकंदभर टेकवून उचला, असं तीन-चार वेळा करा. छोटी ठिणगी दिसेल, ती अपेक्षितच आहे. हे इंजिन बंद ठेवूनच करायचं. फील्डची जोडणी वेगळ्या पद्धतीची असलेल्या डायनामोंना ही रीत चालत नाही, म्हणून गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडून खात्री करा. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर आतून बदलावा लागतो आणि कायम चुंबकाच्या हीटर मोटरचा पंखा उलटा फिरेल, तिथे वायरी बदला. गाडीला अल्टरनेटर बसवलेला असेल तर नुसती बॅटरी फिरवून चालणार नाही, त्याचे डायोड त्याच क्षणी जळतात.

आता तुमच्या तक्रारींकडे. आवाज वाढवल्यावर सेट बंद पडतो तो भाग आधी घेऊ, कारण तो दुरुस्त करताना शिट्टीही पुष्कळदा निम्मी होते.

सेटमधल्या ॲम्प्लिफायरला मिळणारे व्होल्ट साधारण १०-११च्या खाली गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पेटीवर ‘५० वॉट गुणिले ४’ असं लिहिलेलं असलं तरी सततची ताकद दर चॅनलला २० वॉटच्या आसपासच असते. साध्या ऐकण्याला सेट २ ते ४ अँपिअर घेतो, खर्जाच्या ठोक्याला क्षणभर १० पर्यंत जातो. मोजणी अशी करा: सेट मोठ्याने वाजत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं सेटच्या पत्र्याच्या पेटीवर. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम, ०.२च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं सेटच्या मागच्या पिवळ्या वायरवर ठेवा. इथे ०.३ पर्यंत चालेल. बहुतेक जुन्या गाड्यांत या दोन ठिकाणी मिळून एक-दीड व्होल्ट हरवलेला सापडतो. तो जातो गंजलेल्या बुलेट कनेक्टरांत, झिजलेल्या इग्निशन स्विचमध्ये आणि रंगावर आवळलेल्या अर्थिंगच्या स्क्रूत. डॅशबोर्ड लाकडी असेल किंवा बॉडी फायबरग्लासची असेल तर सेटला पेटीतून अर्थिंग मिळतच नाही. काळी वायरही नीट जोडलेली नसेल तर करंट ॲन्टेनाच्या जाळीतून परत जाऊ लागतो आणि मग शिट्टी, खरखर, सगळं एकदम येतं.

उपाय एकच आणि तो खात्रीचा. सेटसाठी बॅटरीपासून दोन स्वतंत्र वायरी आणा, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. हिशोब सोपा आहे: ४ मीटर लांबीच्या अशा वायरीचा रोध सुमारे ०.०२८ ओहम भरतो, म्हणजे १० अँपिअरला ०.२८ व्होल्टची घट. तीच वायर १ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.७ व्होल्ट जातील, दोन्ही बाजू धरल्या तर १.४. पॉझिटिव्ह वायरीवर बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. सेटच्या मागचा फ्यूज सेटला वाचवतो, वायरीला नाही. गाडीच्या जुन्या फ्यूजबॉक्सवर विसंबू नका. त्या काळातल्या कित्येक गाड्यांत सगळे मिळून दोनच काचेचे फ्यूज, ३५ अँपिअरला उडणारे. तेवढा करंट वाहीपर्यंत स्टिरिओची बारीक वायर केव्हाच वितळलेली असते. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट घाला. जोड क्रिम्प करा किंवा झाळून त्यावर हीट श्रिंक चढवा. जुन्या वायरीवर चिमटून बसणारे झटपट कनेक्टर वापरू नका. कडक झालेलं जुनं इन्सुलेशन त्यांनी तडकतं आणि आतल्या तारा तुटतात.

सेटला मिळणारे व्होल्ट नीट असूनही तो बंद पडत असेल तर स्पीकरच्या वायरी तपासा. ही चूक महाग पडते. जुन्या रेडिओच्या स्पीकरला पुष्कळदा एकच वायर येत असे आणि दुसरं टोक बॉडीला जोडलेलं असे. नव्या सेटचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट उभे असतात आणि त्यातली कोणतीही बॉडीला टेकता कामा नये. जुनी वायर तशीच वापरली तर सेट प्रोटेक्शनमध्ये जातो, आणि काही वेळा ॲम्प्लिफायरची चिप कायमची जाते. सेटचा प्लग काढून प्रत्येक स्पीकरच्या वायरीपासून बॉडीपर्यंत मोजा, मीटरने काहीच दाखवू नये. दोन वायरींच्या मध्ये ३.२ ते ३.८ ओहम आलं तर स्पीकर ४ ओहमचा आणि ठीक आहे. २ ओहमच्या आसपास आलं तर कोणी तरी दोन स्पीकर समांतर जोडले आहेत, ते वेगळे करा. डॅशबोर्डात एकाच स्पीकरची जागा असेल तर दुहेरी कॉइलचा स्पीकर घ्या, म्हणजे डावं आणि उजवं चॅनल आपापल्या कॉइलला जाईल. दोन चॅनलच्या वायरी एकत्र पिळून एका स्पीकरला जोडणं म्हणजे दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर सोडणं.

रंगांची खूण अशी: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळी रेघ असलेली जोडीदार वायर निगेटिव्ह. पिवळी बॅटरीची, लाल स्विचची, काळी अर्थिंगची. निळी ॲन्टेनाची, पांढऱ्या रेघेची निळी बाहेरच्या ॲम्प्लिफायरला जागं करण्याची. न वापरलेल्या प्रत्येक वायरीचं टोक स्वतंत्रपणे झाका. या रंगांवर विसंबण्याआधी सेटच्या पेटीवर चिकटवलेला नकाशा मात्र वाचा.

बॅटरी उतरण्याचं गणित बघू. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मधे अँमीटर लावा, सगळं बंद ठेवा. इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळपास शून्य यायला हवा. सेटची पिवळी वायर जोडल्यावर २० मिलिअँपिअर दिसले असं धरा. दिवसाला झाले ०.४८ अँपिअर-तास, महिन्याला साडेचौदा. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि आठवड्याला एकदाच छोट्या फेरीला निघणाऱ्या गाडीची बॅटरी मुळात पूर्ण भरलेली नसतेच. रोज चालणाऱ्या गाडीत हा आकडा कोणी मोजतही नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीत तोच सेल्फ फिरू देत नाही. आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर पिवळी आणि लाल वायर उलटसुलट जोडली आहे का ते बघा, किंवा बाहेरचा ॲम्प्लिफायर बंदच होत नसेल. आकडा ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर बॅटरीला आयसोलेटर स्विच लावा, किंवा पिवळी आणि लाल एकत्र करून एका लपवलेल्या स्विचमागे घाला. सेट घड्याळ आणि स्टेशनं विसरेल. उभ्या गाडीत तो सौदा मान्य करण्यासारखा आहे.

लाल वायर कुठे जोडायची याला जुन्या गाडीत वेगळं महत्त्व आहे. पुष्कळ गाड्यांच्या किल्लीला ‘ॲक्सेसरी’ची जागाच नसते. लाल वायर इग्निशनवर घेतली आणि इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवून गाणी ऐकत बसलात, तर तेवढा वेळ कॉइलमधून करंट वाहतो. सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असतील तर ३ ओहमच्या कॉइलमधून ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॉट उष्णता सतत. कॉइल तापून आतलं इन्सुलेशन खराब होतं, पॉइंट जळतात. म्हणून लाल वायरीला वेगळा स्विच द्या. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरत असाल तर त्याच्या ८५ आणि ८६ क्रमांकाच्या टोकांवर स्विचची बाजू, ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वर लाल वायर. आणि ८५-८६ च्या मध्ये १एन४००७ डायोड, त्याचा पट्टा पॉझिटिव्हकडे. डायोड नसेल तर रिले सुटताना उलट व्होल्टेजचा झटका बसतो.

चार्जिंगही मोजा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, मध्यम वेगावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट मर्यादेत ठेवणारा भाग) दुरुस्त होईपर्यंत सेट काढून ठेवा. डायनामोची मर्यादा लक्षात असू द्या. ल्यूकस सी४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही वेगात असताना. आयडलिंगला जवळपास काहीच नाही. हेडलाइट ८ ते १०, इग्निशन ३-४, वायपर २-३, आणि वर सेटचे ३-४. पावसाळी रात्री हिशोब काठावर येतो. अशा गाडीत वेगळा मोठा ॲम्प्लिफायर बसवायचा तर आधी अल्टरनेटर बसवावा लागेल.

आता शिट्टी. आवाज कुठून शिरतो ते शोधायला तीन चाचण्या पुरतात. इंजिन चालू ठेवून ॲन्टेनाचा प्लग ओढा. आवाज थांबला तर तो ॲन्टेनातून येत होता, आणि पॉवरच्या वायरीवर कितीही महाग फिल्टर लावला तरी उपयोग नाही. आवाज थांबला नाही तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही येत असेल तर तो व्हॉल्यूमच्या पुढे शिरतो आहे, बहुधा आरसीए वायरीतून किंवा बाहेरच्या ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगमधून. तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी: सेट काढून तो सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, पॉवर आणि अर्थिंग दोन्ही त्या बॅटरीवर, पेटी बॉडीला न टेकता. आवाज गेला तर तो गाडीच्या पॉवर वायरीतून येत होता.

आवाजाची जातही ओळखता येते. वेगाबरोबर चढणारी सलग शिट्टी डायनामो किंवा अल्टरनेटरची. वेगाबरोबर जवळजवळ येणारी टकटक इग्निशनची. वेगाशी संबंध नसलेली, दर सेकंदाला येणारी टिकटिक असेल तर डॅशबोर्डमागचा मीटरांचा व्होल्टेज स्टॅबिलायझर पाहा. त्यातली दोन धातूंची पट्टी तापून उघडझाप करते आणि प्रत्येक उघडझापीला ठिणगी पडते. त्याच्या जागी त्याच मापाचा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर बसवला की आवाज संपतो.

इग्निशनच्या टकटकीचं मूळ बहुधा प्लग वायरीत असतं. शुद्ध तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरी म्हणजे प्रत्येक ठिणगीला छोटं रेडिओ स्टेशन. ५ किलो-ओहमच्या प्लग कॅप, रोध असलेल्या प्लग वायरी किंवा आर प्रकारचे (आत रोध असलेले) प्लग यांतला एक उपाय करा. तिन्ही एकदम केले तर जुन्या कॉइलचा स्पार्क अशक्त पडून गाडी मिस मारू लागते. कॉइलवर १ ते २.२ मायक्रोफॅरडचा सप्रेशन कंडेन्सर लावा, पण इग्निशन स्विचकडून वायर येते त्या टर्मिनलवर. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर लावलात तर पॉइंटच्या कंडेन्सरमध्ये त्याची भर पडते, स्पार्क मंदावतो, आणि मग इंजिन नीट चालत नाही म्हणून लोक कार्बुरेटर उघडून बसतात. डायनामोवर १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जाड ‘डी’ टर्मिनलवर लावा. ‘एफ’ वर कधीही नको, रेग्युलेटरचे पॉइंट जळतील. अल्टरनेटरवर २.२ किंवा ३ मायक्रोफॅरडचा, मुख्य आउटपुटवर. कंडेन्सरची पेटी ज्या धातूवर बसते तो रंग खरवडून उघडा करा, नाहीतर कंडेन्सर नुसता लटकलेला असतो.

त्याआधी इंजिन आणि बॉडीमधली विणलेली अर्थिंगची पट्टी तपासा. ती तुटलेली किंवा गंजलेली असेल तर सेल्फचा आणि चार्जिंगचा करंट चोक केबल, ॲक्सिलरेटर केबल अशा वाटांनी परत जातो आणि सगळ्या अर्थिंगवर आवाज उमटतो. नवी पट्टी लावणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बॉनेट बिजागरांच्या रंगामुळे बॉडीपासून तुटलेलं असेल तर त्यालाही छोटी पट्टी जोडा. मग ते इंजिनावरचं झाकण न राहता रेडिओ लहरी अडवणारं कवच होतं. ॲन्टेनाच्या बुंध्याखालचा पत्रा आतून घासा, बुंध्यापासून बॉडीपर्यंत अर्ध्या ओहमहून कमी रोध आला पाहिजे.

इतकं करूनही शिट्टी पॉवर वायरीतूनच येत असेल तर पिवळ्या वायरीवर चोक फिल्टर (वायरीतला आवाज अडवणारी कॉइल) घाला. तो किमान १५ अँपिअरचा हवा आणि सेटच्या जवळ बसवायचा. आरसीए वायरी पॉवर वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. एकमेकींना ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात. ॲम्प्लिफायर असेल तर त्याचं आणि सेटचं अर्थिंग एकाच जागी बांधा.

आवाज नेमका कुठून निघतो ते अजूनही कळत नसेल तर बॅटरीवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर एएम बँडवर दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि इंजिन चालू ठेवून कॉइल, डायनामो, स्टॅबिलायझर, वायपर मोटर यांच्या जवळून फिरवा. हात आणि वायर पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवा. जिथे खरखर सगळ्यात मोठी होते तिथून काम सुरू करा. आणि गाडीत लावलेला यूएसबी चार्जर आधी काढून बघा, पुष्कळदा तोच दोषी निघतो.